अवसेच्या दुपारचं पाणी

मिथुन मढवीला आम्ही तीन वेळा युवा नेता केलं. आम्ही म्हणजे आमची संस्था, आणि तिन्ही वेळा माईक माझ्या हातात होता. पहिल्यांदा तो बावीस वर्षांचा होता आणि विषय होता कचरा. दुसऱ्यांदा पंचवीसचा, तेव्हा हवामानबदल. तिसऱ्यांदा एकोणतीसचा, आणि तोवर विषयाचं नाव पर्यावरणीय न्याय असं भारदस्त झालं होतं. दरवेळी पहिल्या दिवशी आम्ही जमिनीवर मोठे कागद पसरतो आणि पोरांकडून 'समस्येचं झाड' काढून घेतो. मुळांशी कारणं लिहायची, फांद्यांवर परिणाम. मिथुनने तिन्ही वेळा एकच झाड काढलं. खोडावर लिहिलं, तळखारचा नाला.

तिसऱ्या वेळी मी त्याला म्हटलं, "अरे, या वेळी काहीतरी वेगळं सुचतंय का बघ." त्याने स्केचपेनला टोपण लावलं आणि म्हणाला, "म्याडम, नाला सुधरू द्या, मग झाड पन वेगळं काढीन." बाकीची पोरं हसली, मीही हसले. मनातून मात्र चिडले होते. शिकवणाऱ्याला हट्टी विद्यार्थी नको असतो, आणि मला तर वर अहवालात 'नवे विचार' दाखवायचे होते.

तळखार ठाणे-बेलापूर रस्त्याच्या खाडीकडच्या अंगाला आहे. रस्त्याच्या वरच्या अंगाला महापे. तिथे कारखाने, गोदामं आणि आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती. तिथूनच एक नाला निघतो, रस्त्याखालून आणि रुळांखालून येतो आणि गावाच्या पाठीला घासून खाडीत जातो. गाव आगऱ्यांचं. भातशेती गेली, मिठागरं गेली, त्या जागी सोसायट्या आल्या, आणि गावाने उरलेल्या जागेत चार-चार मजले चढवून भाडेकरू ठेवले. नाल्याकडे कोणाचंही दार नाही, फक्त मोऱ्यांच्या खिडक्या आहेत. नाल्याला लाल-तपकिरी पाणी आलं आणि डोळे चुरचुरायला लागले की गाव खिडक्या लावून घेतं आणि विषय संपतो.

मिथुनचा विषय संपत नव्हता. आयटीआय करून तो महापेच्याच एका कंपनीत एसीच्या मेन्टेनन्सला लागला होता. दिवसभर दुसऱ्यांची हवा गार करायची आणि संध्याकाळी घरी येऊन खिडकी लावायची, याचा त्याला मनापासून राग होता. वडील नामदेव मिठागरावर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. घरात तो आणि आई बायजाबाई. साठी उलटली तरी बायजाबाई अजून खाडीत उतरून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरते आणि गावाच्या नाक्यावर विकते. मिथुनचं लग्न ठरत नव्हतं त्यालाही नालाच कारण होता. एकदा मुलीकडची माणसं पुनवेचा चांगला दिवस बघून आली, घर दाखवायला त्यांना गच्चीवर नेलं, आणि ती नाकाला रुमाल लावून जिन्याने खाली उतरली ती पुन्हा आली नाहीत. हे तो हसत सांगायचा.

त्याला हवं होतं ते फार नव्हतं. सरकारच्या प्रदूषण खात्याच्या माणसाने यावं, खात्याच्या बाटलीत ते लाल पाणी भरावं, सील लावावं आणि तपासायला न्यावं. बस. पाण्यात काय आहे ते कळलं की ते कोणत्या कारखान्याचं हे कळणार होतं, आणि ते कळल्याशिवाय तक्रार करायची तरी कोणाची? स्वतः भरलेलं पाणी चालत नाही, हे त्याने अनुभवाने शिकून घेतलं होतं. एकदा तो कोल्ड्रिंकच्या बाटलीत नाल्याचं पाणी घेऊन थेट खात्याच्या ऑफिसात गेला होता. तिथल्या कारकुनाने बाटली टेबलावर ठेवूसुद्धा दिली नाही. म्हणाला, घरून आणलेलं पाणी आम्ही कसं धरणार, उद्या तुम्ही त्यात रंग कालवून आणाल.

सात वर्षांत तो आमच्याकडे तीनदा आला तो एवढ्यासाठीच. संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज गेला तर साहेब येतील, असा त्याचा हिशेब होता. आम्हाला तो हवा होता कारण फोटोत तो बरा दिसतो, बोलतो छान, आणि 'स्थानिक भूमिपुत्र' आहे. दोघांचंही एकमेकांवाचून अडत होतं, पण अडण्याची जात वेगळी होती. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. कळत होतं, आणि मी अहवाल लिहीत होते.

तिसऱ्या कार्यक्रमात आमच्याकडे मोबाईलचं ॲप आलं. लाल पाणी दिसलं की फोटो काढायचा, तारीख-वेळ आपोआप नोंद होते. मिथुनने आणि त्याच्या गटातल्या पोरांनी वर्षभरात एक्केचाळीस नोंदी केल्या. त्या सगळ्या बंगळुरूला एका हुशार मुलीकडे गेल्या. तिने त्यांचे रंगीत खांब काढून पाठवले आणि निष्कर्ष दिला की सोमवारी प्रमाण किंचित जास्त दिसतं. किंचित. त्या किंचितवर आम्ही अर्ज केला की सोमवारी या. साहेब जानेवारीत एका सोमवारी आले. नाला कोरडा. फेब्रुवारीतल्या नऊ तारखेच्या सोमवारी पुन्हा आले. नाल्यात गढूळ पाणी, पण ते आपलं साधं गटाराचं. साहेब गाडीत बसताना मला म्हणाले, "मॅडम, पोरं उत्साही आहेत, पण थोडा अभ्यास करायला सांगा." माणूस सभ्य होता. वाईट असता तर मला फार सोपं गेलं असतं, निदान शिव्या घालायला कोणीतरी मिळालं असतं.

त्या दुपारी मी मिथुनच्या घरी जेवायला थांबले. बायजाबाईने तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या आणि जवल्याची चटणी. मिथुन आईला सांगत होता की साहेब आला आणि साधं गटाराचं पाणी बघून गेला. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"आज कशाला बोलवलास त्याला? आज तं आठम. आठमीला कंदी लाल पानी येतं का?"

मिथुनचा हात ताटातच थांबला. "मग कंदी येतं?"

"अवस-पुनवेला. नाय तं त्याच्या दुसऱ्या दिसाला. दुपारची भरती भरली का वरचं कारखानेवालं पानी सोरतान, म्हनजे ओहोट लागली का समदा खाडीत ओढून जातं. त्या दिसाला मी तिकरं उतरतच नाय. पाय खाजतान, फोड येतान."

"आये, तू आधी का नाय सांगितलास?"

"तू आख्ख्या गावाला इचारीत फिरलास," बायजाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मना कंदी इचारलास?"

आता हे का झालं ते सांगते, कारण यात मिथुनची चूक नव्हती. गावात आम्ही घरोघर सर्वे केला होता. मिथुनने एकट्याने दोनशेच्या वर घरं केली, रविवारी, सुट्टीच्या दिवशी, शिफ्टवरून आल्यावर. प्रत्येक फॉर्ममध्ये प्रश्न होता की दूषित पाणी कधी येतं. आणि फॉर्मच्या सूचनांमध्ये सातवी सूचना अशी होती: सर्वेक्षकाने स्वतःच्या कुटुंबाचा फॉर्म भरू नये, माहिती एकांगी होते. ती सूचना मी लिहिली होती. कुठल्यातरी प्रशिक्षणात मला ती शिकवली होती आणि मला ती फार शास्त्रीय वाटली होती. गावात खाडीत उतरणाऱ्या बायका उरल्यात चार-पाच. त्यातली एक मिथुनच्या घरात भाकऱ्या भाजत होती, आणि माझ्या शास्त्राने तेवढं एक घर वगळलं होतं.

मिथुन उठला, हात धुतले, भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. आम्ही दोघं जमिनीवर बसलो. तो मोबाईलवरची तारीख वाचायचा, मी कॅलेंडरमधली तिथी बघायची. अमावास्या. प्रतिपदा. पौर्णिमा. पौर्णिमा. प्रतिपदा. एक्केचाळीसपैकी तेहतीस नोंदी त्या दोन-तीन दिवसांत बसल्या. वारांचा काहीएक संबंध नव्हता. उधाणाच्या भरतीला खाडीत पाणी जास्त, म्हणून ओहोटीला ओढही जास्त. अवसेला भरती भरते साडेबारा-एकला, दीडच्या सुमाराला कोणीतरी वर झडप उघडतं, साडेतीनपर्यंत सगळं वाहून जातं आणि चारला बघायला काही उरत नाही. मी वाशीत वाढले, खाडी पुलावरून पाहिली, मला तिथीशी काय देणंघेणं. बंगळुरूच्या मुलीचाही दोष नाही. मिथुनला मात्र हे फार लागलं.

"मी आगऱ्याचा पोर," तो म्हणाला, "आनि भरती मला ठाऊक नाय. कारखान्यातल्या कुठल्यातरी परप्रांतीय सायबाला ती ठाऊक हाय."

पुढची अवस सतरा तारखेला होती, मंगळवारी. मी दुसऱ्याच दिवशी साहेबांना फोन केला, तिथीचं सगळं समजावून सांगितलं. ते चक्क प्रभावित झाले. म्हणाले, सतराला दुपारी सव्वाला नाल्यावर हजर असतो, बाटल्या घेऊन. मिथुनने हाफ डे टाकला. त्याने मला मेसेज केला, 'सात वर्षांत पहिल्यांदा वेळ बरोबर जमली.' मलाही खूप आनंद झाला. कामात इतका खरा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता, म्हणून तो मीच कसा घालवला ते नीट सांगायला हवं.

आमच्या कार्यक्रमाचा समारोप एकवीसला शनिवारी होता. पैसे देणाऱ्यांकडचे पाहुणे उलव्याच्या नव्या विमानतळावर उतरणार होते, आणि त्यांनी आयत्या वेळी कळवलं की आम्हाला सतराच जमेल. चंद्रशेखर सर आमचे संचालक. त्यांनी समारोप सतराला आणला, वाशीच्या एका हॉलमध्ये, सकाळी अकरा ते साडेबारा. मग म्हणाले, मंचावर एखादा सरकारी अधिकारी हवा, पाहुण्यांना बरं वाटतं. आणि मग म्हणाले, "नमिता, ते तुझे नाल्याचे साहेब त्या दिवशी इकडेच येणार आहेत ना? त्यांनाच बोलाव. साडेबाराला कार्यक्रम संपला की आपल्याच गाडीतून तळखारला सोडू. उलट बरं, वेळेवर पोचतील."

मला ते पटलं. खरंच पटलं. साहेब आपल्या ताब्यात राहतील, चुकायला नको, असा विचार मी केला. मी स्वतः निमंत्रणपत्रिका टाईप केली आणि त्यांचं नाव प्रमुख पाहुणे म्हणून घातलं.

मिथुनला सांगितलं तेव्हा त्याने पत्रिकेवरचं साहेबांचं नाव वाचलं. मग म्हणाला, "म्याडम, साहेबाला स्टेजवर चढवला का तो लवकर उतरत नाय."

"साडेबाराला संपतोय कार्यक्रम. माझी जबाबदारी."

"आपला कुठला कार्यक्रम वेळेवर संपलाय?"

मी म्हटलं, प्रत्येक गोष्टीत नकार कशाला. तुला तर त्या दिवशी पुरस्कार आहे, उत्कृष्ट युवा नेता. तो म्हणाला, पुरस्कार तुम्ही ठेवून घ्या, मी नाल्यावर थांबतो, कोणीतरी थांबायला पाहिजे. मला त्याचा राग आला. उत्कृष्ट युवा नेताच आला नाही तर फोटो कसले काढायचे, हाही एक विचार माझ्या डोक्यात होता, तोही सांगून टाकते.

सतराला पाहुणे बारा वाजायला दहा मिनिटं कमी असताना आले. सव्वाबाराला कार्यक्रम सुरू झाला. दीपप्रज्वलन पर्यावरणाला मानवत नाही म्हणून आम्ही रोपाला पाणी घालतो. सहा जणांनी सहा रोपांना पाणी घातलं. मग चित्रफीत. तिच्यात ड्रोनने घेतलेला तळखारचा नाला होता, मागे बासरी होती, आणि वरून तो नाला इतका छान दिसत होता की पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग चोवीस युवकांना प्रमाणपत्रं, प्रत्येकाचा फोटो, पाहुण्यांना मुलांची नावं नीट उच्चारता यावीत म्हणून प्रत्येक नाव दोनदा.

एक वीसला मिथुनचा व्हिडिओ कॉल आला. मी हॉलच्या दाराशी गेले.

"म्याडम, चालू झालं."

पडद्यावर नाला दिसत होता. पान खाऊन थुंकावं तसा रंग, दोन्ही काठांना लागलेला, वर फेस. त्याने कॅमेरा वर-खाली फिरवला, म्हणजे रेल्वेचा पूलही दिसावा आणि जागेची खूण राहावी. खोकत होता. गावाच्या अंगाला सगळ्या खिडक्या बंद होत्या.

"साहेब निघालं का?"

"निघतायत," मी म्हटलं. ते मंचावर बसून गुच्छाचं प्लास्टिक सोडवत होते.

मी मंचाच्या मागून जाऊन त्यांच्या कानाशी वाकले. सर, पाणी आलंय, आता निघायला हवं. ते म्हणाले, हो, हो, निघूच. तेवढ्यात चंद्रशेखर सरांनी माईकवर त्यांचं नाव पुकारलं, आता प्रमुख पाहुण्यांचं मनोगत. साहेब उठले. त्यांनी तरुणांनी पुढे यायला हवं इथून सुरुवात केली. त्यांच्या गावची नदी आली, त्यांच्या लहानपणी त्या नदीतलं पाणी ओंजळीने पीत असत ते आलं, शासन आणि समाज ही दोन चाकं आली. मी समोरच्या रांगेच्या कडेला उभी राहून मनगटावरचं घड्याळ दाखवत होते. त्यांनी ते पाहिलं, हसून मान हलवली आणि म्हणाले, "आयोजक वेळेचं भान देतायत, पण तरुणांसमोर बोलायची संधी वारंवार येत नाही." सगळे हसले. अठ्ठावीस मिनिटं बोलले.

एक पंचावन्नला मिथुनचा फोन. साहेब निघालं का? मी म्हटलं, गाडीत बसतायत. हे दुसरं खोटं. सव्वादोनला पुरस्कार. मिथुनचं नाव पुकारलं, त्याच्या वतीने चंद्रशेखर सरांनीच तो घेतला आणि साहेबांनी तो दिला, आणि खाली तळखारला मिथुन त्याच साहेबाची वाट बघत होता. अडीचला मी साहेबांचा हात धरायचा बाकी ठेवला होता. तर चंद्रशेखर सर म्हणाले, "उपाशीपोटी कसं पाठवतेस गं, चार घास खाऊ देत त्यांना." साहेब जेवायला बसले. खात्याची गाडी, बाटल्यांची पेटी आणि ड्रायव्हर हे तिघं कुठल्या सेक्टरमध्ये सावली बघून थांबलेत ते शोधायला वीस मिनिटं गेली. मिथुनचे फोन थांबले होते. मला ते थांबल्याचं बरं वाटलं, इतकी मी कासावीस झाले होते.

आम्ही नाल्यावर पोचलो तेव्हा तीन पन्नास झाले होते. ओहोटीने सगळं ओढून नेलं होतं. चिखल उघडा पडला होता आणि मधून हातभर रुंदीचं साधं पाणी चाललं होतं. काठाच्या दगडांवर वीतभर उंचीपर्यंत लाल पट्टा ओला होता. मिथुन एका पाइपवर बसला होता. आम्हाला बघून तो उठला, पँट झटकली आणि साहेबांना नमस्कार केला. मला केला नाही.

"उशीर झाला थोडा," साहेब म्हणाले. "पण दगडावर रंग दिसतोय."

"मग दगड घ्या, साहेब."

"नमुना पाण्याचाच घेतात."

त्यांनी बरोबरच्या माणसाला बाटली काढायला सांगितली. मिथुन मधे आला. "नका घेऊ साहेब. आज राहू द्या. हे साधं पानी हाय. हे नेलंत तर रिपोर्ट चांगला येईल आनि माझी तक्रार मरंल. पुनवेला या, पंधरा दिवसांनी, दीड वाजता. नाय तं उद्या या. उद्या पन सोडतील."

"उद्या मला अलिबागला मीटिंग आहे. आणि भेट दिली की नमुना घ्यावाच लागतो, पद्धत आहे ती. नाहीतर मी आज इथे कशाला आलो, याला उत्तर काय देणार?"

बाटली भरली. सील लागलं. मग छापील पंचनामा बाहेर आला, त्यावर तारीख, वेळ, ठिकाण, आणि खाली तक्रारदाराची सही. मिथुनने सही केली नाही. तो भांडला नाही, आवाज चढवला नाही, फक्त हात मागे बांधून उभा राहिला. साहेबांनी लिहिलं, तक्रारदाराचा सहीस नकार. मग माझ्याकडे बघितलं. "मग साक्षीदार लागेल. मॅडम, तुम्ही संस्थेच्या जबाबदार व्यक्ती आहात."

मी चंद्रशेखर सरांना फोन लावला. ते अजून हॉलमध्येच होते, मागे ताटांचे आवाज येत होते. म्हणाले, "अगं, करून टाक सही. बिचारे आपल्या शब्दाखातर दिवसभर थांबले. संबंध नको बिघडवूस." मीही मनात जुळवाजुळव केली की भेट झाल्याची नोंद तरी राहील, काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं. मी सही केली. नाव, हुद्दा, संस्थेचं नाव. मिथुन बघत होता. साहेबांची गाडी गेल्यावर त्याने मला रिक्षात बसवून दिलं, रिक्षावाल्याला स्टेशन सांगितलं, आणि 'म्याडम, सांभाळून जा' म्हणाला. याहून त्याने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. नमुन्यातील सर्व घटक विहित मर्यादेत आढळले. तक्रारीत तथ्य आढळून आले नाही. सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. प्रत संस्थेस माहितीस्तव. त्याच आठवड्यात मिथुन तीस वर्षांचा झाला. आमच्या नियमानुसार तो आता युवक नाही. आमचा चौथा कार्यक्रम जूनमध्ये सुरू होतोय आणि त्याच्या फॉर्मवर जन्मतारीख टाकली की स्क्रीनच पुढे सरकत नाही.

तो आमच्या ऑफिसात आला तो एप्रिलमध्ये. पत्राची झेरॉक्स त्याने टेबलावर ठेवली. तो पुन्हा खात्यात अर्ज घेऊन गेला होता, पुनवेचे सात नवे फोटो जोडून. तिथल्या कारकुनाने सांगितलं की या ठिकाणाची तपासणी झालेली आहे, संस्थेच्या साक्षीने झालेली आहे, आता पुन्हा कोणी येणार नाही. फार तर त्या साक्षीदाराने लेखी दिलं की नमुना योग्य वेळी घेतला नव्हता, तर फाईल उघडता येईल.

"म्याडम, चारच ओळी हायत," मिथुन म्हणाला. त्याने त्या वहीच्या पानावर लिहूनच आणल्या होत्या. लाल पाणी दुपारी एक वीसला आलं आणि मी ते व्हिडिओवर पाहिलं. नमुना तीन पन्नासला घेतला. अधिकारी तोपर्यंत आमच्या संस्थेच्या समारंभात होते. त्यांना तिथे मी बोलावलं होतं.

मी म्हटलं, बघते. चंद्रशेखर सरांना दाखवलं. ते म्हणाले, हे लेखी द्यायचं नाही, त्यात त्या अधिकाऱ्याची नोकरी अडकेल आणि आपलं नाव खराब होईल, आपण तोंडी बोलू. तोंडी ते कोणाशीच बोलले नाहीत. मी मिथुनला सांगितलं की थोडा वेळ दे. त्याने दिला. आणखी किती देणार, असं त्याने विचारलं नाही.

आता दर अवस-पुनवेला दुपारी त्याचा मेसेज येतो. 'आज १.२५.' 'आज १.४०, वास जास्त.' खाली नाव नाही, तक्रार नाही. मी तो वाचते आणि फोन पालथा ठेवते. गेल्या पुनवेला लिहिलं होतं, 'आईच्या पायाला पुन्हा फोड.' त्या दिवसांत ती त्या अंगाला उतरायची नाही, पण चिंबोऱ्या दुसरीकडे मिळेनाशा झाल्यात, म्हणून आता उतरावं लागतं.

मिथुनबद्दल मला लिहिता येतं. अहवालात त्याच्यावर मी दीड पान लिहिलं, पाहुण्यांनी त्याचं कौतुक केलं. आता हे इतकं सगळं लिहिलं, चार संध्याकाळी बसून. वहीचं ते पान माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्याच्या खाली फक्त माझी सही व्हायची आहे, आणि ती मी अजून केलेली नाही.